घडीचा फोन आणि त्याच्या पोटातले लिखाण

शीव या शब्दाचा अर्थ हद्द. मुंबई बेट जेथे संपत होते आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत होती, त्या जागेला लोकांनी हे नाव दिले. इंग्रजांच्या तोंडी त्याचे सायन झाले. शिवेवरून तंटा ही आपल्याकडची जुनी गोष्ट. बांध कोणाचा, बांधावरचा आंबा कोणाचा, यावर दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. आज आम्ही ज्या तंट्याविषयी बोलणार आहोत तोही शिवेचाच आहे. मात्र ही शीव जमिनीवर नाही, ती आपल्या खिशातल्या टेलिफोनच्या पोटात आहे. वस्तू विकत घेतली, पैसे मोजले, पावती घेतली. मग त्या वस्तूच्या आत जे लिहून ठेवले आहे ते बदलण्याचा अधिकार घेणाऱ्याचा, बनविणाऱ्याचा, की सरकारचा? गेल्या पंचवीसएक वर्षांत मुंबईच्या फुटपाथावर या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे मिळाली, आणि त्यांतली काही एकमेकांच्या अगदी उलट होती.

पुष्कळ घरांत कपाटाच्या खणात एखादा घडीचा फोन पडून असतो. उघडताना टक्‌ असा आवाज करणारा, मिटला की मुठीत मावणारा. त्या काळी तो मोठ्या हौसेने घेतलेला असतो, म्हणून टाकवत नाही. त्याचा इतिहास सांगायचा म्हणजे त्याच्या दोन अंगांचा सांगावा लागतो. एक अंग डोळ्यांना दिसते: कवच, बिजागरी, कळा, पडदा. दुसरे दिसत नाही. कळ दाबली की कोणता अंक उमटावा, पडदा कोणत्या भाषेत बोलावा, कोणत्या कंपनीच्या मनोऱ्याशी बोलणे करावे आणि कोणाच्या मनोऱ्याकडे पाठ फिरवावी, हे सगळे आत लिहिलेले असते. या लिखाणाला फर्मवेअर म्हणतात. १९६७ साली अ‍ॅशर ऑप्लर नावाच्या अमेरिकन लेखकाने हा शब्द रूढ केला. यंत्राचा सांगाडा तो हार्डवेअर, वरून घालायचे आणि काढायचे हुकूम ते सॉफ्टवेअर, आणि या दोहोंच्या मध्ये, यंत्राच्या अंगात भिनलेले पण पूर्ण दगडावर कोरलेले नव्हे असे, ते फर्मवेअर.

लालबाग-परळच्या माणसाला हे समजावून सांगण्यास परदेशी उदाहरणाची गरज नाही. साचेखात्यात ज्याने काम केले आहे, किंवा ज्याच्या वडिलांनी केले आहे, त्याला डॉबी ठाऊक असते. साच्याच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची माळ असे, पट्ट्यांवर खुंट्या असत. कोणत्या क्षणी ताण्याचे कोणते धागे उचलायचे हे त्या खुंट्या ठरवीत. साचा तोच, विणकर तोच, सूत तेच. खुंट्यांची मांडणी बदलली की लुगड्याचा काठ बदलला. फ्रान्समध्ये लिओं शहरी १८०४ च्या सुमारास जाकार याने हेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवर नेले, आणि संगणकाच्या इतिहासाची पोथी तेथूनच उघडतात. विणकराच्या दृष्टीने त्यात एक गोम होती. खुंट्या कशा बसवायच्या हे त्याला दिसत असे, समजतही असे. पण त्यांना हात लावण्याचा अधिकार जॉबरचा आणि त्याच्या वरच्या मास्तरचा. लिखाण डोळ्यांसमोर उघडे आणि अधिकार बंद, अशी ती स्थिती होती. फोनमध्ये लिखाणही बंद झाले.

ते बदलता येऊ लागले याचे श्रेय जपानकडे जाते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी अशी स्मृती शोधून काढली की जी वीज गेली तरी टिकते, आणि हवे तेव्हा एका फटक्यात पुसून पुन्हा लिहिता येते. पुसण्याची ती तऱ्हा कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखी वाटली, म्हणून तिला फ्लॅश म्हणू लागले. आमच्या शीव स्टेशनाबाहेरचा दुरुस्तीवाला “फ्लॅश मारतो” किंवा “सॉफ्टवेअर मारतो” म्हणतो, तो शब्द या लखलखाटातून आला आहे. कंपन्यांना ही स्मृती सोयीची होती, कारण चूक सापडली तर माल परत न बोलावता आतले लिखाण दुरुस्त करता येई. पण जे दार कंपनीसाठी ठेवले जाते, त्याला कधी ना कधी दुसऱ्या कोणाची किल्ली लागतेच.

हातात धरण्याच्या फोनवरून पहिले बोलणे न्यूयॉर्कमध्ये ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी केले. शिंपल्यासारखा मिटणारा फोन त्याच कंपनीने १९९६ साली बाजारात आणला. त्याचे नाव स्टारटॅक. मुंबईत त्याच्या एक वर्ष आधी, १९९५ मध्ये, मोबाइल सेवा सुरू झाली होती. बी.पी.एल. आणि मॅक्स टच ह्या येथल्या पहिल्या दोन कंपन्या. बोलण्याला मिनिटामागे सोळा रुपयांपर्यंत दर, आणि कोणी आपल्याला फोन केला तरी भुर्दंड आपल्यालाच. घडीचा फोन त्या दिवसांत गिरगावच्या पेढीवर किंवा दलालाच्या पट्ट्यालाच दिसायचा. कामगाराच्या हाती तो यावा असा काळ २००३ साली आला.

ते वर्ष मुंबईच्या कष्टकऱ्यांच्या इतिहासात नोंदण्यासारखे आहे. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने सी.डी.एम.ए. पद्धतीची सेवा जाहीर केली, १ मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले, आणि त्याच पावसाळ्यात ‘मान्सून हंगामा’ या नावाने ५०१ रुपये हातावर ठेवून फोन मिळू लागला. बाकीची किंमत महिन्याच्या बिलातून वळती व्हायची. नळकाम करणारा, टॅक्सीवाला, लग्नसराईतला आचारी, नाक्यावर उभा राहणारा गवंडी यांच्या खिशात फोन आला तो असा. एल.जी. आणि सॅमसंग कंपन्यांचे ते फोन, पुढे त्यांत घडीचेही आले. नाक्यावर दिवस दिवस उभे राहण्यापेक्षा कामाचा निरोप घरी येऊ लागला, ही कमाई लहान नव्हे. तेव्हा त्या योजनेला आम्ही सरसकट नावे ठेवणार नाही.

पण ती होती उचल. ऊसतोडीच्या मजुराला मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि मग हंगामभर तो दुसऱ्या कारखान्यावर जाऊ शकत नाही, ही रीत ज्याला ठाऊक आहे त्याला ५०१ रुपयांचे गणित उलगडून सांगावे लागत नाही. मुकादमाची दोरी मात्र कागदावरच्या अंगठ्याची असते. येथे ती फोनच्या पोटात होती. जी.एस.एम. फोनमध्ये सिम नावाची चिप असते, ती काढून दुसऱ्या फोनात घातली की नंबर तिच्याबरोबर जातो. सुरुवातीच्या या सी.डी.एम.ए. फोनांत सिमच नव्हते. ग्राहकाचा नंबर, कंपनीची खूण, कोणत्या मनोऱ्यांना आधी हाक मारायची त्याची यादी, सगळे फोनच्या आपल्या स्मृतीत लिहिलेले असे आणि त्यावर सहा अंकी गुप्त आकड्याचे कुलूप असे. शिवाय प्रत्येक फोनला कारखान्यात दिलेला एक क्रमांक कंपनीच्या वहीत चढवलेला असे. वहीत क्रमांक नसेल तर मनोरा ओळख देत नसे. म्हणजे कुलूप दोन ठिकाणी, एक वस्तूत आणि एक वहीत. हप्ते फिटले, फोन पूर्णपणे आपला झाला, तरी तो घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची सोय नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क तर देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळाला.

येथे आमच्या या कथेतला मुख्य माणूस पुढे येतो. लॅमिंग्टन रोडला रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे होतेच. पण २००३ नंतर दादर, परळ, कुर्ला, शीव, धारावीच्या तोंडाशी, जेथे जेथे स्टेशनाचा जिना उतरतो तेथे तेथे तीन फूट रुंदीची मोबाइल दुरुस्तीची दुकाने उभी राहिली. आम्ही पाहिलेल्या दुकानदारांत गिरणी कामगारांची मुले पुष्कळ होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ती पाळण्यात किंवा शाळेत होती. मोठी झाली तेव्हा गिरणीच्या जागी कुंपण होते. वडिलांच्या हातात साच्याचा पाना होता, मुलाच्या हातात सोल्डरची कावी आली. शिकवणारा कोणी मास्तर नाही, कंपनीचे पुस्तक नाही. एकाने दुसऱ्याच्या शेजारी बसून शिकायचे. पूर्वी साचेखात्यातही असेच शिकत.

घडीच्या फोनाचे दुखणे बहुधा बिजागरीत असते. कळांच्या पाटीवरून पडद्याकडे जाणारी पातळ पट्टी दिवसातून शंभरदा वाकते आणि एके दिवशी तुटते. पडदा पांढरा होतो. ते झाले शरीराचे दुखणे. आतल्या लिखाणाचे दुखणे वेगळे. फोन चालू होताना कंपनीचे चिन्ह दाखवतो आणि तेथेच अडून बसतो. किंवा मालकच आपला गुप्त आकडा विसरतो. किंवा दुबईहून भावाने पाठवलेला फोन अरबी बोलतो. अशा वेळी दुरुस्तीवाला बॅटरी काढतो, बॅटरीच्या खाली असलेल्या सोनेरी टिपक्यांना तारेची जुळणी लावतो, ती तार एका पेटीला, पेटी संगणकाला. पेटीला बाजारात नुसते “बॉक्स” म्हणतात. पहिले काम वाचण्याचे. जुने लिखाण जसे असेल तसे उतरवून ठेवायचे, कारण नवे बसले नाही तर परतीची वाट तीच. मग नवे लिखाण चढवायचे. हे चालू असताना वीज गेली किंवा तार हलली, तर अर्धे जुने अर्धे नवे असा फोन उरतो आणि मग तो काहीच करीत नाही. त्याला “डेड” म्हणतात. चांगला कारागीर या चार-पाच मिनिटांत गिऱ्हाइकाशी बोलत नाही. एखादा पाकीटभर विड्या ओढतो, तो भाग वेगळा.

नोकियाच्या फोनांत भाषांचा गठ्ठा मुख्य लिखाणापासून वेगळा ठेवलेला असे. अरबी-इंग्रजीचा गठ्ठा काढून हिंदी-मराठीचा घालता येई. गिरगावातला एखादा म्हातारा परदेशातून आलेल्या फोनवर “संदेश” हा शब्द देवनागरीत पाहून खूश होई, तो या फुटपाथच्या विद्येमुळे. त्यासाठी कंपनीच्या शोरूमात कोणी गेले नाही. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेला सी.डी.एम.ए. घडीचा फोन येथल्या जाळ्यावर चालावा म्हणूनही लोक याच दुकानांत येत. तिकडे हौशी मंडळींनी तर याहून पुढची मजल मारली. मोटोरोलाने २००४ साली रेझर नावाचा पातळ, धातूच्या अंगाचा घडीचा फोन काढला. जगभर तेरा कोटींवर खपला. कंपनीची मुद्रा नसलेले लिखाण स्वीकारायचे नाही अशी त्याच्यात व्यवस्था होती. पण रशियातील हौशी तरुणांनी त्या घराण्यातल्या फोनांवर स्वतः लिहिलेले छोटे कार्यक्रम चालवून दाखवले. आमच्या दुरुस्तीवाल्याला त्या हौसेशी कर्तव्य नव्हते. त्याचे लिखाण पोटासाठी होते.

आता या गोष्टीला वळण मिळते ते चीनकडून. तैवानच्या मीडियाटेक कंपनीने फोनचे सगळे अवघड भाग एका चिपेत बसवून दिले, आणि २००७ साली चीनने फोन बनविण्याच्या परवान्याची अट काढून टाकली. दोन सिम, भोंग्यासारखा आवाज, जाड बॅटरी, असे बिननावाचे फोन मनीष मार्केटात ढिगाने येऊ लागले. त्यांत एक उणीव होती. प्रत्येक फोनला जगात एकच असा पंधरा अंकी आय.एम.ई.आय. क्रमांक असावा लागतो. पहिल्या आठ अंकांवरून फोनचा नमुना कळतो, पुढच्या सहांवरून तो नग, आणि पंधरावा अंक हा शाळेतल्या गुणाकारासारखा ताळा असतो. फुली, चौकट, शून्य, सहा, चौकट, अशा कळा दाबल्या की तो पडद्यावर येतो. या क्रमांकाचाही ठिकाणा फोनच्या बदलता येणाऱ्या स्मृतीतच. स्वस्त फोनांत कोठे पंधरा शून्ये होती, कोठे हजारो नगांना एकच क्रमांक होता. गिरणीत बदली कामगाराला कार्ड लागे आणि कायमाला बिल्ला. हे फोन म्हणजे बिल्ल्यावाचून खात्यात शिरलेली माणसे.

ऑक्टोबर २००८ मध्ये दूरसंचार विभागाने असे फोन बंद करण्याची सूचना कंपन्यांना दिली. दोन महिने होण्याआधीच २६ नोव्हेंबरची रात्र या शहरावर आली, आणि मग या सूचनेला कोणी नाही म्हणेना. पण देशात असे फोन अडीच कोटींच्या आसपास असावेत असा अंदाज त्या वेळी वर्तमानपत्रांत येत होता. अडीच कोटी फोन म्हणजे अडीच कोटी घरे. आणि ती श्रीमंतांची नव्हेत. मुदत पुढे ढकलली, पुन्हा ढकलली. शेवटी ३० नोव्हेंबर २००९ ची मध्यरात्र ठरली. दरम्यान कंपन्यांच्या संघटनेने, सरकारच्या संमतीने, एक योजना काढली: ओळखपत्र घेऊन या, १९९ रुपये भरा, तुमच्या फोनमध्ये अस्सल क्रमांक बसवून देऊ. रोपण असा शब्द त्यांनी त्याला वापरला. नेमलेल्या दुकानांत संगणक, तार आणि कार्यक्रम घेऊन माणसे बसली, आणि फोनच्या पोटातले लिखाण बदलण्याचे काम पावती देऊन होऊ लागले.

या प्रसंगाचे महत्त्व आमच्या मते फार आहे, आणि तो इतक्या लवकर विसरला गेला याचे आश्चर्य वाटते. जे काम फुटपाथवर होई तेच काम, त्याच तऱ्हेच्या तारेने, टेबलावर होत होते. टेबलाजवळ एक गोष्ट अधिक होती: घातलेला क्रमांक खरा होता, जगाच्या वहीत त्याची नोंद होती आणि तो दुसऱ्या कोणाचा नव्हता. फुटपाथवाला कमी पैशांत करी, पण तो कोठून तरी उचललेला क्रमांक घाली. दहा फोनांना एकच घाली. दोष त्याच्या हाताचा नव्हता, त्याच्याजवळ वही नव्हती. सरकारने त्या वर्षी त्याला वहीत जागा दिली असती, त्याला नोंदवून घेऊन क्रमांक दिले असते, तर आज जो पेच आहे तो कदाचित पडला नसता. तसे झाले नाही. मुदत संपली, टेबले उठली, आणि कारागीर जेथे होता तेथेच राहिला.

आठ वर्षांनी पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. २५ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने नियम काढला की फोनचा हा क्रमांक जाणूनबुजून काढणे, पुसणे वा बदलणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नियमाला आधार १८८५ च्या तार कायद्याचा. तारायंत्राच्या खांबांसाठी केलेला कायदा फोनच्या पोटापर्यंत पोहोचला. पुढे दूरसंचार कायदा, २०२३ आला, त्यात तीन वर्षांची कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पन्नास लाख हा आकडा तीन फुटांच्या दुकानासमोर उभा राहून वाचावा.

आम्ही या नियमाच्या विरुद्ध नाही, हे येथेच स्पष्ट सांगतो. लोकलच्या दारातून ज्याचा फोन गेला आहे त्याला विचारा. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतच चोरीच्या फोनांची मध्यवर्ती वही महाराष्ट्रासाठी प्रथम उघडली, मे २०२३ मध्ये ती सगळ्या देशाला लागू झाली. फोन चोरीला गेला की क्रमांक वहीत चढतो आणि कोणत्याही सिमवर तो फोन मुका होतो. क्रमांक बदलता येत असेल तर ही वही व्यर्थ. २०२० साली मेरठच्या पोलिसांना एकाच कंपनीचे साडेतेरा हजारांहून अधिक फोन एकाच क्रमांकावर चालताना आढळले होते. बिल्ला हा कामगाराच्या छातीवर असतो, पण तो एकट्या कामगाराच्या मालकीचा नसतो. हजेरीपुस्तक त्याच्यावर चालते. क्रमांकाचेही तसेच आहे. फोन माझा, पण क्रमांक सर्वांच्या वहीतला, म्हणून तो मला बदलता येऊ नये हे आम्हांस मान्य आहे.

अडचण दुसरीकडे आहे, आणि ती आम्हांला एका माणसामुळे कळली. आम्ही ज्या असंघटित कामगारांत काम करतो त्यांत शीवचा एक दुरुस्तीवाला आहे. त्याच्याकडे एका निवृत्त गृहस्थांचा मोठ्या कळांचा घडीचा फोन आला, चिन्हावर अडकलेला. चीनच्या चिपेचे हे फोन पूर्ण पुसून पुन्हा लिहिताना बऱ्याच वेळा क्रमांकही पुसला जातो, आणि तसा तो दिला तर मनोरा त्याला घेत नाही. तेव्हा कारागीर काय करतो? बॅटरीखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर कारखान्याने छापलेला जो क्रमांक असतो, तोच परत आत लिहितो. या माणसाने तेच केले. पुढच्या आठवड्यात चोरीच्या फोनांच्या वेगळ्याच चौकशीत त्याचा संगणक आणि पेटी जप्त झाली. संगणकात क्रमांक लिहिल्याची नोंद सापडली, आणि दोन दिवस त्याला बसवून ठेवले. “साहेब, चिठ्ठीवरचाच नंबर परत घातला,” एवढेच तो सांगत होता. “आधी पुसला कोणी?” असा त्याला प्रश्न. गुन्हा दाखल झाला नाही, पण पेटी चार महिने आली नाही, आणि पेटीवाचून दुकान म्हणजे साच्यावाचून विणकर.

खरा क्रमांक परत बसवणे आणि चोरीच्या फोनाला खोटा क्रमांक देणे, ही दोन कामे बाहेरून अगदी सारखी दिसतात: तीच तार, तीच पेटी, तीच कळ. फरक आहे तो चिठ्ठीत आणि हेतूत. नियमात “जाणूनबुजून बदलणे” असे शब्द आहेत, त्यांत या माणसाला आसरा आहे. पण चौकीवर पहिल्या दिवशी शब्द वाचत नाहीत, पेटी पाहतात. ज्या पेटीने भाषा बदलते, अडकलेला फोन उठतो, विसरलेला आकडा निघतो, तीच पेटी चोराच्याही उपयोगाची. सुरीचेही तसेच आहे. म्हणून कोणी भाजीवालीची सुरी नेत नाही.

क्रमांक सोडला तर बाकीच्या लिखाणाचे काय? येथे आपला कायदा, नवल वाटेल, पुष्कळ उदार आहे. कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम असे म्हणते की संगणकाचा कार्यक्रम ज्याच्याजवळ कायदेशीरपणे आहे, त्याने तो ज्या कामासाठी मिळाला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून त्याची प्रत करणे किंवा त्यात फेरफार करणे हे उल्लंघन नव्हे. २०१२ साली कुलूप तोडण्याविरुद्ध ६५-अ हे कलम आले, पण तेही हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यापुरते. अमेरिकेत याहून कडक होते. १९९८ च्या कायद्याने कुलपाला हात लावणेच निषिद्ध झाले. फोनपुरती सवलत २००६ मध्ये मिळाली, जानेवारी २०१३ मध्ये नव्या फोनांसाठी काढून घेतली. त्यावर लाखाहून अधिक लोकांनी सह्यांचा अर्ज केला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ती कायदा करून परत द्यावी लागली. आपल्याकडे हक्क आधीच पुस्तकात होता, म्हणून बहुधा त्यासाठी कोणी सह्या गोळा केल्या नाहीत. पुस्तकातला हक्क न वापरता पडून राहिला तर त्याला वाळवी लागते, हे किमान वेतनाच्या बाबतीत आम्ही पुरेसे पाहिले आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पेटीच्या हातची नाही. २०१७ साल सरेपर्यंत रिलायन्सचे सी.डी.एम.ए. जाळे बंद झाले. ५०१ रुपयांत आलेले ते फोन, त्यांतले घडीचेही, पट्टी शाबूत, बॅटरी बरी, तरी निकामी झाले. कारण ज्या मनोऱ्याशी बोलायला ते शिकले होते तोच गेला. नवी भाषा शिकवावी तर ती बोलणारा अवयवच त्या चिपेत नाही. जी.एस.एम.चे जुने घडीचे फोन या बाबतीत सुदैवी ठरले. त्यांच्यासाठी काही कंपन्यांनी जुनी सेवा चालू ठेवली, आणि म्हणून आजही वृद्ध माणसे ते दुरुस्तीला आणतात. निकामी फोनांतले पुष्कळसे भंगारात गेले, आणि त्यांच्या कवचांचे प्लास्टिक धारावीत तेरा कंपाउंडासारख्या ठिकाणी दाणे होऊन पुन्हा बाजारात आले.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी असे चार विषय तिच्यापुढे होते. त्याच डिसेंबरात त्यासाठी एक पोर्टल सुरू झाले, आणि कंपन्यांनी तेथे दुरुस्तीची माहिती ठेवावी असे ठरले. ही चांगली सुरुवात आहे. पण कंपनीची माहिती कंपनीच्या केंद्रापर्यंत जाते. फोन जातो स्टेशनाबाहेर.

शीवच्या त्या माणसाची पेटी परत आल्यावर आम्ही आठ-दहा दुरुस्तीवाल्यांना एकत्र बसवले. ठरले ते साधे आहे. प्रत्येक दुकानात एक लांबट वही ठेवायची. फोन आला की बॅटरीखालच्या चिठ्ठीवरचा क्रमांक लिहायचा, पडद्यावरचा क्रमांक लिहायचा. दोन्ही जुळत नसतील तर फोन परत करायचा. काम झाल्यावर पुन्हा पडद्यावरचा क्रमांक लिहून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाची सही. चिठ्ठी नसलेला फोन घ्यायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही गयावया करो. सरकारकडे मागणी दोन कलमांची: अशी वही ठेवणाऱ्या कारागिराची नोंदणी करावी, आणि नोंदलेल्या कारागिराने मूळचाच क्रमांक परत बसवणे हा बदल समजू नये. तिसरे कलम एका तरुणाने सुचवले होते, की नोंदणीची फी १९९ रुपयांपेक्षा अधिक नसावी. सगळे हसले, पण ते अर्जात घातले आहे.